दर्शनाची हमी

दिवाळीच्या सुटींत कोठें जावयाचें, ह्याचा खल आमच्या येडगांवच्या घरीं वसुबारसेच्या आधीं दोन दिवस झाला. मुलांना समुद्र पाहावयाचा होता. आमचे एक आप्त कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर असतात. त्यांनीं मागें पाठविलेल्या चित्रांत नावेच्या एका अंगास देवमासा पाण्याचा फवारा सोडीत आहे आणि दुसऱ्या अंगास कांठावरील खडकांत एक अस्वल कांहीं वेंचून खात आहे, असा देखावा होता. तो पाहिल्यापासून ‘आपणहि नावेंतून जनावरें पाहावयास जाऊं’ हा हट्ट घरांत चालू होता. कॅनडा आम्हांस दूर. तेव्हां जें जवळ आहे तें पाहावें असें ठरून दापोलीचा किनारा निश्चित झाला. पुण्यावरून ताम्हिणी घाटानें माणगांवास उतरावें, तेथून दापोलीस जावें, एक दिवस हर्णैचा मासळीबाजार व सुवर्णदुर्ग पाहावा आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नाव करून डॉल्फिन पाहावे, असा नकाशा मांडून बेत झाला.

नाव ठरविण्यासाठीं आम्हीं तिकडील एका नावाड्यास टेलिफोन केला. भाडें, वेळ, माणसें इतकें बोलून झाल्यावर आमच्या तोंडून सहज प्रश्न गेला, ‘डॉल्फिन नक्की दिसतील ना?’ तो म्हणाला, ‘दिसणार म्हणजे दिसणार, साहेब. नाहीं दिसले तर पैसे देऊं नका. जिकडे असतील तिकडे नेतो.’ ह्या उत्तरानें सर्वांचें समाधान झालें. फक्त आमच्या मातोश्री, ज्या इतका वेळ वाती वळीत बसल्या होत्या, त्यांनीं मान वर न करतां विचारलें, ‘आणि परवांच्या मोटारवाल्यांना काय सांगितलंस रे तूं?’

परवांची गोष्ट अशी. तिन्हीसांजेस शहरांतून एक मोटार आमच्या वस्तीपाशीं येऊन थांबली. माणसें सभ्य होतीं, बरोबर दोन मुलें होतीं, हातांत मोठी विजेरी होती. ‘इकडे बिबट्या दिसतो म्हणतात. रात्रीं उसाच्या कडेनें गाडी फिरवली तर नक्की दिसेल ना?’ असें त्यांनीं विचारलें, व वाट दाखविणाऱ्यास पैसे देण्याची तयारीहि दर्शविली. बिबट्या म्हणजे काय जत्रेंतला खेळ आहे, असें आम्ही रागानें म्हणालों आणि त्यांस परत धाडलें. दोनच दिवसांनीं तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत, आम्हीं समुद्राच्या बाबतींत विचारला होता. मग आमचा राग खोटा होता, कीं आमचा बेत खोटा होता? ह्या पेचांतून हा लेख निघाला आहे.

आमच्या रागाचें कारण वाचकांस कळावें म्हणून ह्या भागाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे ह्या कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांनीं जुन्नर-आंबेगांवच्या शिवारांत पाणी खेळविलें. पाण्यामागून ऊस आला. आणि उसामागून, कोणीं न बोलावतां, बिबट्या आला. वर्षभर उभें राहणारें तें उंच पीक त्यास रानासारखेंच वाटलें. कुत्रीं व शेळ्या हें त्याचें अन्न झालें आणि उसाच्या सरींतच त्याचीं पिलें जन्मूं लागलीं. ह्या शेजाराची किंमत माणसानें मोजली आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत थोड्याच दिवसांच्या अंतरानें दोन मुलें व एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यांत दगावलीं. ज्यांच्या घरचें मूल असें गेलें, त्यांच्यापुढें बिबट्याच्या सौंदर्याची गोष्ट काढण्याचें धैर्य आम्हांस नाहीं.

तरीहि आमच्या शेतकऱ्याची बिबट्याशीं वागण्याची एक रीत आहे, आणि ती बहुतांशीं न पाहण्याची रीत आहे. रात्रीं पिकास पाणी देण्याची पाळी आली म्हणजे तो काठी आपटीत, मोठ्यानें बोलत शेतांत जातो. हेतु हा कीं आपण येत आहों हें त्यास कळावें व त्यानें बाजूस व्हावें. घाटाकडील महादेव कोळी बांधव वाघबारसेस वाघोबाची पूजा करतात. त्या पूजेंत गुरांवासरांच्या रक्षणाचें मागणें असतें, दर्शनाचें नसतें. ऊसतोडींत पिलें सांपडलीं म्हणजे वनखात्याचीं माणसें तीं सांपडल्या जागेजवळच ठेवतात आणि स्वतः दूर होतात. कारण माणूस समोर असतांना आई येत नाहीं. त्या घटकेस माणसाच्या हातून होण्याजोगें सर्वांत मोठें सत्कृत्य कोणतें, तर तेथून निघून जाणें.

आतां कोणी म्हणेल, नुसत्या पाहण्यानें कोणाचें काय जातें? चंद्र हजारों डोळ्यांनीं पाहिला तरी त्याची कला कमी होत नाहीं. मारणें निराळें, पाहणें निराळें. हा आक्षेप हलका नाहीं. शतकानुशतकें माणूस देवमाशाकडे गेला तो भाला घेऊन, त्याच्या तेलासाठीं गेला. १९५५ सालीं अमेरिकेंतील सॅन दिएगो येथें एक डॉलर भाडें घेऊन देवमासे नुसते दाखविण्याचा धंदा सुरू झाला, आणि १९८६ पासून देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी अंमलांत आली. भाला टाकून माणसानें दुर्बीण हातीं घेतली, ही नीतीची प्रगतीच होय, आणि तिला नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं.

परंतु चंद्राचा दृष्टांत येथें लागू पडत नाहीं. चंद्र पाहण्यासाठीं त्याचा पाठलाग करावा लागत नाहीं. डॉल्फिन हा मासा नव्हे. त्यास फुप्फुसें आहेत आणि श्वासासाठीं त्यास वर यावेंच लागतें. जें आपल्याला खेळणें वाटतें, तें बहुधा त्याचें श्वास घेणें असतें. कोंकणच्या उथळ किनाऱ्यालगत राहणारा, पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन ध्वनीच्या आधारें वाट व भक्ष्य शोधतो; चार नावांचीं यंत्रें एकदम त्याच्या मागें लागलीं म्हणजे तो ध्वनि त्या गोंगाटांत बुडून जातो. मादीस एका वेळीं एकच पिलूं होतें व तें पाण्यांतच तिचें दूध पितें. विसावा, दूध, भक्ष्य, श्वास, ह्यांपैकीं कोणत्या क्षणीं आपण त्यांस गांठलें, हें नावेंतील कोणासच ठाऊक नसतें. कॅनडानें २०१८ सालीं केलेल्या नियमांत देवमाशापासून सामान्यतः १०० मीटर, परंतु तो विसावत असेल किंवा पिलासह असेल तर २०० मीटर दूर राहावें, असें घातलें आहे. म्हणजे दुसऱ्याचा विसावा हीहि मोडूं नये अशी वस्तु आहे, हें तेथें कायद्यानें मान्य केलें. आणि हेतु चांगला म्हणून कृत्य चांगलें ठरत नाहीं, हें आम्हां जुन्नरकरांस तरी निराळें सांगावयास नको. २००१ नंतर येथील बिबटे पकडून दूर रानांत सोडण्यांत आले तें सर्वांच्या भल्यासाठींच. पण त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होतां वाढले, असें विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसून आलें.

तथापि आमच्या मतें दोषाचें मूळ पाहण्यांत नाहीं. तें ‘नक्की’ ह्या एका शब्दांत आहे. ज्याच्या दर्शनाची हमी देतां येईल, असें वन्य जनावर कोणतें? माणिकडोहच्या निवारा केंद्रांतला बिबट्या जागेवरून जात नाहीं, कारण तो पिंजऱ्यांत आहे. हौदांत कोंडलेला डॉल्फिन ठरल्या वेळीं दिसेल. परंतु तसे हौद बांधून खेळ करण्यास आपल्या देशांत २०१३ सालीं मनाई झाली, ती उगीच नव्हे. आणि देवमासा? नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतीपुळ्याच्या वाळूंत देवमाशाचें एक पिलूं येऊन लागलें. गांवकऱ्यांनीं व सरकारी माणसांनीं त्यास पुनः समुद्रांत लोटण्याची शिकस्त केली. तें पाण्यांत गेलेंहि, पण जगलें नाहीं. त्या दिवसांत जो किनाऱ्यावर गेला, त्यास देवमासा नक्की दिसला. कोंडलेलें, किंवा मरणाच्या दारीं आलेलें. हमीनें दिसणारें जनावर एवढेंच. जें आपल्या स्वाधीन आहे त्याचीच हमी देतां येते, आणि वन्य म्हणजे जें आपल्या स्वाधीन नाहीं तें. म्हणून जो वन्य प्राण्याच्या दर्शनाची हमी मागतो, तो नकळत त्याचें वन्यपणच मोडून मागतो. पाहावयाचें असतें एक, आणि पैसे दिले जातात भलत्यासाठींच.

ह्यावर दुसरा व अधिक कठीण आक्षेप असा कीं, मग मुलांना घरींच बसवावें काय? जें कधीं पाहिलें नाहीं त्याच्याविषयीं ममता कशी उपजेल? आणि नावाड्यानें काय करावें? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पावसाळाभर प्रवासी नाहींत. सुटीच्या चार दिवसांवरच त्याची मिळकत. हें सर्व आम्हांस मान्य आहे, आणि जाऊं नका असा उपदेश आम्ही कोणास करीत नाहीं. नावाडी पाठलाग करतो तो क्रूर म्हणून नव्हे. डॉल्फिन न पाहतां परतलेलें गिऱ्हाईक भाड्यावरून हुज्जत घालतें व दुसऱ्यास त्याची नाव सांगत नाहीं, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. दहा कुटुंबांनीं ‘नक्की ना?’ विचारलें कीं अकराव्यानें विचारण्यापूर्वींच तो ‘नक्की’ म्हणूं लागतो. एतावता समुद्रांत जें घडतें त्याचा निर्णय समुद्रांत होत नाहीं. तो दूर कोठें तरी, नकाशा मांडून बसलेल्या आमच्यासारख्यांच्या घरांत, आधींच झालेला असतो.

हमीवांचून पाहतां येतें, ह्याचीं उदाहरणें आहेत. मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवीं सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेनें कासवांचीं अंडीं राखण्याचें काम केलें, आणि २००६ पासून तेथें कासव महोत्सव भरूं लागला. पाहुणे गांवकऱ्यांच्या घरीं उतरतात, सकाळ-संध्याकाळ घरट्यांपाशीं जमतात; टोपलीखालीं पिलें निघालीं तर तीं समुद्राकडे जातांना पाहतात, न निघालीं तर जेवून-खाऊन परततात. गांवास पैसा मिळतो, कासवास त्रास होत नाहीं. अलास्कांत मॅकनील नदीवर उन्हाळ्यांत सालमन मासे धरावयास अस्वलें जमतात. तेथें १९७३ पासून चिठ्ठ्या टाकून मोजक्या माणसांसच परवाने दिले जातात व धबधब्यापाशीं एका दिवशीं दहांपेक्षां अधिक पाहुण्यांस नेत नाहींत. ज्याची चिठ्ठी निघाली नाहीं, तो गेलाच नाहीं. हें आपल्यास परकें वाटूं नये. पंढरपुरीं गर्दीमुळें गाभारा गांठतां आला नाहीं तर वारकरी कळसाचें दर्शन घेऊन परततो. वारी फुकट गेली असें तो म्हणत नाहीं, आणि कोणापाशीं पैसे परतहि मागत नाहीं. दर्शन हा शब्द आपण सहलींच्या जाहिरातींत सर्रास वापरतों. पण दर्शन हें देणाऱ्याच्या मर्जीचें असतें, हा त्यांतला अर्थ मात्र विसरतों.

त्याच रात्रीं आम्हीं नावाड्यास पुनः टेलिफोन केला. डॉल्फिन दिसोत वा न दिसोत, भाडें पुरें देऊं. दिसले तर दूर थांबून यंत्र बंद करावें. ते निघून गेले तर मागें जाऊं नये. दुसरी नाव आधींच तेथें असेल तर आपण वळावें, असें त्यास सांगितलें. ‘मग पैसे कशाचे देणार?’ असें त्यानें विचारलें. ‘दोन तास समुद्रांत नेल्याचे,’ असें आम्हीं म्हटलें. तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, ‘तसं असेल तर उन्हं वर यायच्या आधीं या. गर्दी नसते तेव्हां. कधीं कधीं आपणहूनच जवळ येतात.’ ह्या शेवटच्या वाक्यांत त्याचा आवाज आधींच्या संभाषणापेक्षां निराळा लागला, असें आम्हांस वाटलें.

धाकट्या मुलास हा करार मुळींच आवडला नाहीं. ‘आणि एकपण दिसला नाहीं तर?’ असें तो रडवेला होऊन म्हणाला. ‘तर पुढच्या वर्षीं पुनः जाऊं,’ ह्याहून चांगलें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. त्याची निराशा क्षुल्लक आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या निराशेचें मोल एखाद्या पिलाच्या दुधानें किंवा विसाव्यानें चुकवावें, हेंहि आम्हांस पटत नाहीं. हें मोल मोठ्यांनीं मुलास समजावण्यांत खर्च करावें, तेंच योग्य.

राहतां राहिले ते मोटारवाले. त्यांस आम्हीं नाहीं म्हटलें तें बरोबरच होतें. परंतु ज्या तोऱ्यानें म्हटलें, त्याचा अधिकार आम्हांस नव्हता. बसा, चहा घ्या, बिबट्याच्या चार गोष्टी ऐका, आणि सकाळपर्यंत थांबलांत तर ओल्या बांधावर उमटलेलें एखादें पाऊल मुलांना दाखवूं, विजेरी मात्र मोटारींतच राहूं द्या, असें सांगतां आलें असतें. पुढें कोणी आल्यास तसें सांगण्याचें आम्हीं ठरविलें आहे. परत धाडलेल्या त्या कुटुंबाचें नांवगांव आम्हांस ठाऊक नाहीं. हा लेख त्यांच्या दृष्टीस पडला, तर त्यांनीं आमची क्षमायाचना स्वीकारावी.