मापुटोचे दोन कागद

जुलै २००३ मध्ये मोझांबिकची राजधानी मापुटो इथे आफ्रिकी संघाचे राष्ट्रप्रमुख एकत्र आले होते. संघ अस्तित्वात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्या एकाच अधिवेशनात दोन कागद मंजूर झाले. पहिला होता शेती आणि अन्नसुरक्षेचा जाहीरनामा. प्रत्येक सदस्य देशाने पाच वर्षांच्या आत आपल्या अंदाजपत्रकाचा किमान १० टक्के वाटा शेती आणि ग्रामविकासाला द्यावा, असं त्यात ठरलं. दुसरा होता स्त्रियांच्या हक्कांचा करार. तो ११ जुलैला मंजूर झाला आणि पुढे ‘मापुटो प्रोटोकॉल’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

सभागृह एक, मंजुरी देणारी सरकारं तीच. पण गावी परतल्यावर दोन्ही कागद वेगवेगळ्या कपाटांत गेले. पहिला शेतीखात्याकडे आणि अर्थखात्याकडे गेला. त्याच्याभोवती बियाणं, खतं, पाटबंधारे यांच्या योजना आखल्या गेल्या. दुसरा महिला कल्याणाच्या खात्याकडे गेला. विवाहाचं वय, हिंसाचार, आरोग्य यांच्या चर्चेत तो वाचला जाऊ लागला, आणि ती चर्चा गरजेचीच होती. शेतीच्या जाहीरनाम्यात स्त्रिया अगदीच नाहीत असं नाही. कोणाकोणाशी सल्लामसलत करावी याच्या यादीत छोटे शेतकरी, खाजगी क्षेत्र आणि युवक संघटना यांच्या सोबतीने त्यांचा उल्लेख येतो.

आता दुसऱ्या कागदाचं १५वं कलम उघडून पाहू. त्याचा विषय आहे अन्नसुरक्षेचा हक्क. स्त्रियांना पुरेसं आणि सकस अन्न मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी राज्याने त्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी, घरगुती इंधन, जमीन आणि अन्न पिकवण्याची साधनं मिळतील अशी व्यवस्था करावी, असं ते सांगतं. पुढे १८वं कलम निरोगी पर्यावरणाचा हक्क देतं, आणि १९वं कलम जमिनीसारख्या उत्पादक साधनांवर स्त्रियांचा ताबा असावा असं म्हणतं. पाणी, सरपण, जमीन आणि धान्य या चार गोष्टी पंधराव्या कलमाने एका दमात सांगितल्या आहेत. ज्या बाईचा दिवस विहिरीपासून सुरू होऊन चुलीपाशी संपतो, तिला त्या वेगळ्या वाटतच नाहीत. थोडक्यात, अन्नाचा खरा कागद दुसऱ्या कपाटात पडून होता. मला इथे हाच एक मुद्दा सावकाश उलगडायचा आहे: हे दोन कागद एकत्र वाचल्याशिवाय आफ्रिकेच्या अन्नाचा प्रश्न सुटणार नाही, आणि हवामान न्यायाची तिची रास्त मागणीही पुरी होणार नाही.

हवामान न्यायापासून सुरुवात करू. जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात आफ्रिका खंडाचा वाटा ४ टक्क्यांच्याही आत आहे. पण तापलेल्या समुद्राचा आणि बेभरवशाच्या पावसाचा मार त्याच खंडावर बसतो आहे. मार्च २०१९ च्या मध्यावर इडाई हे चक्रीवादळ मोझांबिकच्या बेइरा शहराजवळ किनाऱ्यावर आदळलं. मका काढणीला आला होता. एकट्या मोझांबिकमध्ये ७ लाख हेक्टरांहून अधिक पीक पाण्याखाली गेलं. मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावी मिळून हजाराहून अधिक माणसं दगावली. सहा आठवड्यांनी त्याच देशाच्या उत्तर भागावर केनेथ नावाचं दुसरं वादळ आलं. ज्यांची उभी पिकं गेली, त्यांनी वातावरणात कितीसा धूर सोडला होता?

या प्रश्नातूनच आफ्रिकी देशांनी आपली मागणी मांडली. हवामान परिषदांमध्ये ते एकत्रित गट म्हणून बोलतात. नुकसान करणारा एक आणि सोसणारा दुसरा असेल, तर सोसणाऱ्याला मिळणारा पैसा म्हणजे दान नव्हे, ते देणं आहे, अशी त्यांची आणि इतर गरीब देशांची भूमिका. अनेक वर्षांच्या रेट्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या परिषदेत ‘हानी आणि नुकसान’ निधी मान्य झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये आफ्रिकेने नैरोबीत आपली पहिली हवामान परिषद भरवली आणि खंडाची भूमिका एका आवाजात मांडली. हे यश मोठं आहे, आणि ते एकजुटीने मिळालेलं आहे.

पण या तत्त्वाच्या पोटात काय आहे ते पाहू. जो सोसतो त्याचा हक्क आधी, हे ते तत्त्व. ते देशादेशांमध्ये खरं असेल तर गावात आणि घरातही खरं असलं पाहिजे. दुष्काळात पाण्यासाठी जास्त लांब कोण चालतं? धान्य संपत आलं की आपलं ताट आधी कोण आखडतं? गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या २४ देशांतल्या ग्रामीण कुटुंबांची पाहणी जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये मांडली. उष्णतेच्या ताणामुळे पुरुष कर्ता असलेल्या घरापेक्षा बाई कर्ती असलेल्या घराचं उत्पन्न ८ टक्क्यांनी अधिक घटतं, असं त्यात दिसलं. ऊन दोघांच्या शेतावर सारखंच पडतं. फरक पडतो तो कर्ज, पाणी, बियाणं आणि जमिनीचा कागद यांच्यामुळे. ज्याच्या नावावर जमीन, त्याला कर्ज. ज्याला कर्ज, त्याला विमा आणि पंप. नुकसानभरपाईची यादीही बहुधा जमिनीच्या कागदावरूनच निघते. जिनिव्हात किंवा दुबईत मंजूर झालेला डॉलर या वाटेने खाली उतरतो आणि नावापाशी येऊन थांबतो. सातबारा ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पैसा वरून येतो तेव्हा खालचं माहीत नसण्याची किंमत किती असते, हे मलावीत दिसलं. अवर्षणाच्या वेळी देशांनी परदेशी मदतीची वाट पाहत बसू नये म्हणून आफ्रिकी संघाने २०१२ मध्ये ‘आफ्रिकन रिस्क कपॅसिटी’ ही संस्था उभी केली. अनेक देश मिळून विम्याचा हप्ता भरतात. उपग्रहावरून पावसाची मोजणी होते आणि तूट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पैसे मिळतात. २०१५ च्या सुरुवातीला सेनेगल, नायजर आणि मॉरिटानिया यांना मिळून अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. परस्पर सहकार्याचा हा उत्तम नमुना आहे. पण २०१५-१६ च्या हंगामात मलावीत मोठा दुष्काळ पडला तेव्हा गणिताने सुरुवातीला सांगितलं की भरपाई देय नाही. शोध घेतल्यावर कळलं की गणितात जास्त दिवसांचा मका धरला होता, आणि शेतकरी कमी दिवसांच्या मक्याकडे वळले होते. प्रत्यक्ष पाहणी करून आकडे सुधारले आणि सुमारे ८१ लाख डॉलर मिळाले, पण तोवर भुकेचे महिने बरेच सरले होते. कुठलं बी पेरलं हे शेतात खुरपणी करणारी बाई पहिल्याच दिवशी सांगू शकली असती. तिला विचारायची व्यवस्था नव्हती. अन्नाच्या नियोजनात तिचं स्थान सल्लामसलतीच्या यादीपुरतं ठेवलं की असं होतं.

इथे कोणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे, जमीन बायकांच्या नावावर करून टाका. हे उत्तर योग्य दिशेचं आहे, पण अपुरं आहे. ते का, हे पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाने दाखवलं. गांबिया नदीच्या काठच्या पाणथळ जमिनीत मांडिंका समाजाच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या भात लावत आल्या आहेत. त्यांच्याकडे शेताचे दोन प्रकार होते. मारुओ म्हणजे घराचं शेत. तिथे सगळ्यांनी राबायचं, पीक कुटुंबप्रमुखाच्या हाती जायचं आणि त्यातून घर जेवायचं. कमान्यांगो म्हणजे राबणाऱ्याचं स्वतःचं शेत. तिथलं पीक त्याचं किंवा तिचं. बाईने स्वतः साफ करून लागवडीखाली आणलेली पाणथळ जमीन या दुसऱ्या प्रकारात धरली जाई. त्या भाताचं काय करायचं ते ती ठरवी.

१९८४ मध्ये तिथे परदेशी निधीतून जहाली-पचार ही सिंचन योजना सुरू झाली. नदीचं पाणी पंपाने शेतात आलं आणि वर्षातून दोनदा भात घेणं शक्य झालं. सुरुवातीला तुकडे बहुतांशी पुरुषांच्या नावावर गेले. स्त्रियांनी आवाज उठवला, निधी देणाऱ्यांनीही आग्रह धरला, आणि नोंदी बदलून जमीन बायकांच्या नावावर चढली. कागदोपत्री प्रश्न सुटला. प्रत्यक्षात मात्र ही नवी शेतं मारुओ ठरवली गेली, म्हणजे घराची. नाव बाईचं, मेहनतही आता बारमाही तिचीच, आणि भात घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताब्यात. भूगोलाच्या अभ्यासक जुडिथ कार्नी यांनी या योजनेचा अनेक वर्षं अभ्यास करून हे सगळं नोंदवलं आहे. घरोघरी तंटे झाले. काही स्त्रियांनी कष्टाचा मोबदला भातात मागितला. तो मिळेना तेव्हा काहींनी घरच्या शेतावरचं काम सोडलं आणि गट करून दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाणं पसंत केलं. ज्या राबणाऱ्या हातांच्या भरवशावर योजनेने दोन पिकांचा हिशेब मांडला होता, ते हातच मागे सरले.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, नाव आणि ताबा वेगळे असतात. पिकावर आणि त्याच्या पैशावर हक्क नसेल तर जमिनीवरचं नाव पोकळ राहतं. मापुटो प्रोटोकॉलचं १९वं कलम जमीन मिळण्याबरोबर तिच्यावरच्या ताब्याचीही गोष्ट करतं, त्याचं मोल इथे कळतं. दोन, स्त्रीचा पिकावरचा हक्क गांबियाच्या रूढीत होताच. आधुनिक योजनेनेच तो काढून घेतला. म्हणून स्त्रियांचे हक्क ही बाहेरून आणलेली कल्पना आहे आणि आफ्रिकेची परंपरा तिच्या आड येते, हा युक्तिवाद टिकत नाही. परंपरेत दोन्ही आहे, हक्क देणारंही आणि हिरावणारंही. कशाला बळ द्यायचं हे आज जिवंत असलेल्या माणसांनी ठरवायचं आहे. खुद्द मोझांबिकच्या १९९७ च्या जमीन कायद्याने हे सुंदर रीतीने केलं. तिथे जमीन राज्याच्या मालकीची आहे. पण कुटुंब रूढीने जी जमीन कसत आलं, तिच्यावर त्याचा वापराचा हक्क कायदा मानतो, आणि तो सिद्ध करायला गावातल्या पुरुषांची तशीच स्त्रियांची तोंडी साक्षही ग्राह्य धरतो. अडचण अंमलबजावणीत आहे. नवरा वारल्यावर सासरच्यांनी विधवेला जमिनीवरून काढलं, तर तिच्या बाजूने उभं कोण राहणार?

या प्रश्नावर शेजारी देशांच्या सहकार्याचा खरा उपयोग दिसतो. एकट्या देशात एकट्या बाईला जे जमत नाही, ते खंडाच्या पातळीवर जमतं. प्रोटोकॉल मंजूर झाला, पण लागू व्हायला १५ देशांची मान्यता हवी होती. आफ्रिकेतल्या महिला संघटनांनी आघाडी बांधली आणि शिखर परिषदांच्या वेळी देशांना फुटबॉलच्या पंचासारखी रंगीत कार्डं दाखवली. मान्यता दिली असेल तर हिरवं, नुसती सही असेल तर पिवळं, काहीच केलं नसेल तर लाल. २५ नोव्हेंबर २००५ ला करार लागू झाला. आज संघाच्या ५५ पैकी ४० हून अधिक देश त्याला बांधील आहेत. मालीच्या कुटुंब कायद्यात वारशाच्या बाबतीत स्त्रियांना दुय्यम वाटा होता. दोन संस्थांनी मालीला आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयात खेचलं आणि मे २०१८ मध्ये न्यायालयाने हा कायदा प्रोटोकॉलचा भंग करतो असा निकाल दिला. शेतकरी बाईच्या दृष्टीने वारशाचा निकाल म्हणजे जमिनीचा निकाल. ऑक्टोबर २०१६ मध्ये २० हून अधिक देशांतल्या ग्रामीण स्त्रिया किलिमांजारोच्या पायथ्याशी जमल्या, त्यांच्यातल्या काही जणी पर्वत चढल्या, आणि जमिनीच्या हक्काची सनद त्यांनी आफ्रिकी संघापुढे ठेवली.

शेजारी एकमेकांकडून शिकतातही. इथिओपियाच्या काही प्रांतांत जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांचे फोटो लावले जातात. रवांडाने १९९९ च्या कायद्याने मुलीला मुलाइतका वारसा दिला आणि पुढे देशभरच्या जमिनीची नोंदणी करताना पत्नीचं नाव घातलं. मात्र ज्यांचं लग्न सरकारदरबारी नोंदलेलं नव्हतं, अशा बायका त्यातून सुटल्या. त्या उणिवेपासूनही दुसऱ्याला शिकता येतं.

आता पहिल्या कागदाकडे परत येऊ. १० टक्क्यांचं वचन २०१४ मध्ये मलाबो इथे पुन्हा दिलं गेलं, २०२५ पर्यंत भूक संपवण्याच्या निर्धारासह. भूक संपली नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपाला इथे २०२६ ते २०३५ साठी नवा जाहीरनामा झाला. पैसा वाढलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण किती खर्च केला एवढंच मोजत राहिलो तर जहाली-पचारसारखी योजनाही यशस्वी वाटेल. मोजमापात आणखी दोन प्रश्न घालावे लागतील. ज्या जमिनीवर हा पैसा खर्च झाला, तिच्यावर राबणाऱ्या बाईचा कागदोपत्री हक्क आहे का? आणि पीक निघाल्यावर ते कुठे जायचं हे ती ठरवते का? हानी आणि नुकसानीच्या निधीतून येणाऱ्या प्रत्येक रकमेलाही हेच दोन प्रश्न विचारता येतील. त्यासाठी नवा करार नको. पंधरावं आणि एकोणिसावं कलम मापुटोत लिहून झालेलं आहे, आणि बहुतेक सरकारांनी ते मान्य केलं आहे.

श्रीमंत देशांकडे न्याय मागताना आफ्रिका जे तत्त्व हाती धरते ते खरं आहे, म्हणूनच ते अर्ध्यावर सोडता येत नाही. जो सोसतो त्याचा हक्क आधी, हे बाहेरच्यांना ठणकावून सांगायचं, तर आपल्या शेतात आधी ते पाळावं लागेल. पाळलं तर ती मागणी दुप्पट बळाने मांडता येईल, कारण मग ती मांडणाऱ्यांत खंडातल्या निम्म्या माणसांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या नावाने असेल.