खालच्या कोपऱ्यातून काय जातं

डोळे मिटायची गरज नाही. एखादं वावर मनात आणा. स्वतःचं असेल तर उत्तमच, नसेल तर आजोळचं, नाहीतर एसटीच्या खिडकीतून नेहमी दिसणारं. जळगाव-धुळ्याकडचं, काळ्या मातीचं, कपाशीचं किंवा केळीचं. आधी त्याच्या चारी बाजू नीट बघून घ्या. धुरा, धुऱ्यावरची बाभूळ, विहीर. मग उतार शोधा. सपाट दिसणाऱ्या वावरालाही उतार असतो, पावसाला तो बरोबर सापडतो. सगळ्यात खालचा कोपरा सापडला की तिथे उभे राहा.

वावरात काय येतं याचा हिशोब आज करायचा नाही. बी, खत, मजुरी, कर्ज हे शेतकऱ्याच्या डोक्यात रात्रंदिवस चालूच असतं. आपण फक्त या कोपऱ्यातून बाहेर काय जातं तेवढंच बघू.

आता पाऊस येऊ द्या. मृगाचा पहिला. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन हे पाणी थेट पोटात घेते. कोपऱ्यात थेंबही पोचत नाही. पुढच्या दोन-तीन पावसांत काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि मुरणारं पाणी चालायला लागतं. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी साधारण एक लाख लिटर होतं. या आकड्यापाशी जरा थांबा. दहा हजार लिटरचे दहा टँकर एका एकरावर रिकामे झाले, आणि त्याचं बिल कुणी मागितलं नाही.

त्यातला एक थेंब धरा आणि त्याच्यामागे जा. पेरणी उताराच्या दिशेने झाली असेल, तर प्रत्येक सरी हा एक ओहोळ असतो. थेंब धावत सुटतो आणि धावताना माती उचलतो. पेरणी उताराला आडवी असेल, तर तोच थेंब सरीत अडतो, रेंगाळतो, बराचसा तिथेच मुरतो. बी तेच, बैल तेच किंवा ट्रॅक्टर तोच, औताचं तोंड तेवढं फिरवलेलं. शेतीतल्या इतक्या स्वस्त सुधारणेचा इतका कमी गाजावाजा का, हे मला कधी कळलेलं नाही. बहुधा तिच्यात विकण्यासारखं काही नाही म्हणून.

कोपऱ्यात आता पाणी आलं आहे. त्याचा रंग बघा. दुधाच्या चहासारखा असेल, तर तुमच्या वावराची वरची, सगळ्यात कसदार माती निघालेली आहे. ती नाल्यात जाईल, नाल्यातून पांझरेत, गिरणेत किंवा वाघूरमध्ये, आणि तिथून तापीत. तापी मुलताईहून निघते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेपाशी समुद्राला मिळते. पण ही माती तितकी लांब जाईलच असं नाही. वाटेतल्या धरणांतल्या गाळाची तक्रार जुनी आहे. तो गाळ म्हणजे वरच्या असंख्य वावरांचे खालचे कोपरे. धुऱ्यावर गवत राखलं, कपाशीची पऱ्हाटी जाळण्याऐवजी बारीक करून जमिनीत मिसळली, केळीचं खोड नाल्यात न टाकता वावरातच कुजू दिलं, की या पाण्याचा रंग बदलू लागतो. एका हंगामात नाही, पण बदलतो.

पाणी नितळ दिसलं म्हणून लगेच निघू नका. विरघळलेल्या युरियाला रंग नसतो. त्यातलं पिकाने न उचललेलं नत्र मातीला फारसं धरून राहत नाही. ते पाण्याबरोबर खाली जातं, विहिरीत उतरतं, नदीत पोचतं. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मनात धरणं कठीण जातं. तरी धरा.

इथून पुढे वाट थोडी अवघड आहे.

जळगाव ठिबक सिंचनाचं गाव. उद्योजक भवरलाल जैन यांनी ठिबक इथून देशभर नेलं आणि रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी ते आपलंसं केलं. लागवड मृगबागेची असो की कांदेबागेची, केळीला पाणी अखंड लागतं. ते नळीने थेट मुळाशी दिलं की वाया जात नाही, खतही मोजून देता येतं. आता स्वतःला विचारा, हे वाचलेलं पाणी कुठे गेलं? घाईने उत्तर देऊ नका. बहुतेक ठिकाणी ते शेजारच्या दोन एकर नव्या बागेत गेलं. पाणी वाचलं, बाग वाढली, विहीर खोल गेली, मग बोअर झालं. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा पट्टा आहे. डोंगरावरचं पाणी जिरवून घेणारी ही निसर्गाची जागा. तिथेही उपसा भरण्याच्या पुढे गेला की पातळी उतरत जाते.

आणि नदीचं काय? पावसाळ्यानंतर नदी वाहते ती काठाच्या जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर. काठाच्या विहिरींची पातळी नदीच्या तळाखाली गेली, की झिरपणं उलटं होतं. नदीच जमिनीत उतरते. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला नदीत पाणी असतंच, त्यात विशेष काही नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाहतं पाणी आहे का, ते बघावं. ठिबक हवंच. पण नदीला त्याचा उपयोग होतो की नाही, हे नळीवर ठरत नाही, वाचलेल्या पाण्यावर कुणाचा हक्क मानला यावर ठरतं.

हा प्रश्न खानदेशाने एकदा सोडवला होता. पांझरेच्या काठी चला. इथे आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला कालवा, आणि त्याच्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. या वर्षी उसाचा असलेला फड पुढे दुसऱ्या पिकाला द्यायचा, म्हणजे जमिनीला विसावा आपोआप मिळतो. कोणत्या फडाला पाणी, हे गावाची पंच मंडळी त्या वर्षीचं पाणी बघून ठरवत. पाटकरी ते फिरवी, जागल्या पिकावर नजर ठेवी. आणि यातली सगळ्यात शहाणी गोष्ट अशी, की शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन सहसा प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडून एक फड कोरडा राहिला, तर झळ सगळ्यांना सारखी.

इथे थोडं बसा. कालव्याला जागोजागी सांडम ठेवलेले असत. जास्तीचं पाणी त्यांतून बाहेर पडून नदीकडे परत जाई. शेतात मुरलेलं पाणीही हळूहळू नदीत झिरपे आणि पुढच्या बंधाऱ्याला मिळे. म्हणजे वरच्या गावाच्या खालच्या कोपऱ्यातून जे निघे, त्यावर खालच्या गावाचा ऊस उभा असे. पुढे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं त्याचं पाणी वेगळं झालं. काही फड टिकले, बरेच मोडले. जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. फडातही वजनदार माणसाचं चालत असणारच. पण पाण्याला हद्द असते हे तिथे सगळ्यांना मान्य होतं.

आज तसं कुठे आहे का? शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले खोल-रुंद करून पाणी जिरवलं. विहिरी भरल्या. त्यावर वादही बरेच झाले. साक्री तालुक्यातलं बारीपाडा मला या विषयाच्या जास्त जवळचं वाटतं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी स्वतः नियम घालून, मोडणाऱ्याला दंड लावून सुमारे ११०० एकर जंगल राखलं. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. जंगलाने पाणी धरलं, पाण्यावर शेती उभी राहिली. नियम मात्र शेतीच्याही आधी आला.

आता मघाच्या वावराचं पूर्ण शिवार करा. पेन्सिल घेऊन बसलात तरी चालेल. विहिरी किती, बोअर किती, केळी किती एकर, हे ओळखीच्या नावांनिशी मोजा. मग या शिवारात उद्या फड पाडायचे असं धरा. केळीचा फड किती एकरांचा ठेवाल? कमी पावसाच्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवाल, आणि त्यात तुमची जमीन किती असेल?