बारावा तास

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ वर. जास्तीच्या कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. यावर उद्योजक गुंतवणुकीबद्दल बोलले, युनियनवाले हक्कांबद्दल. दहाव्या तासाला माणसाच्या शरीरात नेमकं काय होतं, हे ज्यांनी शिकलंय आणि जे शिकवतात, त्यांचा आवाज मला तरी या सगळ्यात ऐकू आला नाही.

ही माणसं लांब नाहीत. आकुर्डीच्या एमआयडीसीपासून पिंपरीतल्या संत तुकारामनगरचं मेडिकल कॉलेज सहा-सात किलोमीटरवर. मेडिकल कॉलेज म्हटलं की फिजिऑलॉजी विभाग, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, आलंच. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचं एक जुनं प्रॅक्टिकल आहे, मोसोचा एर्गोग्राफ. हात टेबलावर बांधायचा, मधल्या बोटाला दोरीने वजन लावायचं आणि ठरावीक ठेक्यावर ते ओढत राहायचं. बोट थकत जातं तशा कागदावरच्या रेघा बुटक्या होत जातात. थोड्या वेळाने बोट हलतच नाही. जर्नलवर सही होते, मुलं कँटीनला जातात. सहा किलोमीटरवर हेच प्रॅक्टिकल शिफ्टभर चालू असतं, फक्त तिथे रेघा कोणी काढत नाही.

अँजेलो मोसो इटलीत ट्युरिनला होता. थकव्यावरचं त्याचं पुस्तक १८९१ चं. सिसिलीतल्या गंधकाच्या खाणींत ओझी वाहून वाकलेल्या पोरांचा विषय त्यातही येतो, म्हणजे हे शास्त्र जन्मापासूनच कारखान्याच्या दारात उभं आहे. त्याच्या प्रयोगशाळेत मॅजोरा नावाच्या सहकाऱ्याने एक साधा हिशोब मांडला. बोटाने तीस वेळा वजन ओढून ते पूर्ण थकलं, तर पूर्ववत व्हायला दोन तास लागतात. पंधरावर थांबलं तर? एक तास लागेल असं वाटतं. लागतो अर्धा. म्हणजे शेवटच्या पंधरा खेपांची किंमत पहिल्या पंधरांच्या तिप्पट. एका बोटाचा प्रयोग अख्ख्या माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. पण पगाराच्या स्लिपवर सगळे तास सारख्या लांबीचे असले तरी शरीरात ते तसे नसतात, एवढं त्यातून कळतं.

मग शास्त्रज्ञ आणि कारखाना यांनी हातमिळवणी करावी, यात वाद कसला? करून पाहिलेली आहे. १९२७ मध्ये हार्वर्डने थकव्याच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली, ती चक्क बिझनेस स्कूलच्या तळघरात. तिथली माणसं पोलादाच्या भट्ट्यांवर गेली, १९३२ च्या उन्हाळ्यात नेवाडाच्या वाळवंटातल्या धरणाच्या कामावर गेली. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी पिऊन ते भरून येत नाही, म्हणून पोटऱ्यांत गोळे येतात, हे तिथे नीट समजलं. जेवणात मीठ वाढवलं की कामगार वाचतो आणि कामही थांबत नाही. ही गोष्ट अशा भागीदारीचं कौतुक करताना सांगावी अशीच आहे. पण तिथे दोघांचं हित एकाच बाजूला होतं. ते वेगळं होतं तेव्हा काय?

समजा आकुर्डीतल्या एखाद्या कंपनीच्या पैशाने अभ्यास झाला आणि निघालं की, दहाव्या तासानंतरचा थकवा दुसऱ्या दिवशीच्या पंचिंगपर्यंत उतरतच नाही. तो निष्कर्ष छापायचा की नाही, हे कोण ठरवणार?

याहून बारीक अडचण दुसरीच आहे. शरीर किती सोसू शकतं, हे फिजिऑलॉजी सांगते. किती सोसावं, हे तिच्या कुठल्याच आलेखात नसतं. कारखान्यातला इंजिनियर मात्र क्षमतेचा आकडा दिसला की तो गाठायचाच, अशा तालमीत वाढलेला असतो. लाईन तासाला साठ नग काढू शकते आणि पन्नास काढते, तर दहाचा तोटा. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, त्याचं काम आहे. पण ‘शक्य’ हा शब्द प्रयोगशाळेतून निघून शॉप फ्लोअरवर पोचेपर्यंत त्याचा ‘टार्गेट’ होतो.

म्हणून प्राध्यापकांनी सोवळ्यात बसावं का? मला ते सोयीस्कर वाटतं, नैतिक नाही. ते गेले नाहीत म्हणून लाईन थांबत नाही, सायकल टाइम ठरायचा तो ठरतोच, स्टॉपवॉच घेऊन. रात्रपाळीचं घ्या. शरीराच्या घड्याळावरच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल मिळालं. रात्रपाळी कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच म्हटलं. शिफ्टचा रोटा लावणाऱ्या सुपरवायझरपर्यंत यातलं कोण काय पोचवणार? सायनला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तिथे औद्योगिक शरीरक्रियाशास्त्राचा विभागही आहे. पण एका संस्थेने किती गेट गाठायची?

तेव्हा जावंच. प्रश्न मैत्री करावी का हा नाही, मोजलेला आकडा कोणाचा हा आहे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी त्यांना पाहता येतील, असं त्यात आलं. धोकादायक म्हणजे रसायनं वगैरे. बारा तास उभं राहून बोल्ट आवळणं त्या व्याख्येत बसत नाही. उद्या मनगटावरचा पट्टा प्रत्येकाच्या हृदयाचे ठोके मोजेल. ते आकडे कंपनीच्या डॉक्टरकडे गेले तर विश्रांती वाढू शकते, एचआरकडे गेले तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू न होण्याचं कारण मिळू शकतं. ठोके तेच. फिजिऑलॉजिस्टने गेटवर पाऊल टाकण्याआधी करारात एक ओळ मागावी: आलेख आधी त्याला दाखवायचा, ज्याचं शरीर आहे, आणि त्याला कळेल अशा मराठीत किंवा हिंदीत. कंपनी नाही म्हणाली तर परत फिरावं, आणि का फिरलो तेही सांगावं.

नाहीतर त्या लेखी संमतीला काय अर्थ? जालन्याहून किंवा वाशिमहून आलेला, कॉट बेसिसवर राहणारा, कंत्राटदाराच्या हजेरीवरचा बावीस वर्षांचा मुलगा फॉर्मवर सही करतो, तेव्हा ओटीचा दर दुप्पट हे त्याला पाठ असतं. मॅजोराचा हिशोब त्याला कोणी सांगितलेला नसतो.