पिल्लू नंबर दोन

चामोर्शीत एक वाढई होता. त्याच्या हातचे लाकडी बैल तान्ह्या पोळ्याला अर्ध्या तालुक्यात चाकांवर फिरायचे. नागपूरच्या भोसल्यांचा लाकडी बैल माणसापेक्षा उंच आहे, त्यामुळे मान त्याला मिळतो. आमच्या वाढयाचे बैल वीतभर, पण शिंगांचा बाक असा की पोरं रात्री उशाशी घेऊन झोपायची. महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची जत्रा भरली की त्याचं दुकान तिथं लागायचं. पोळपाट, लाटणी, बैल आणि हौस म्हणून चारदोन जंगली जनावरं. सगळे त्याला मामा म्हणत. खरा भाचा एकच होता. तो गडचिरोलीला कॉलेज करून घरी आला होता आणि मामाचा धंदा ‘वर काढायचा’ त्यानं चंग बांधला होता.

जत्रेत नागपूरचं एक गिऱ्हाईक आलं. ताडोबात त्यानं अस्वलीचा फोटो काढला होता. पाठीवर दोन पिल्लं घेऊन ती वारुळापाशी उभी. ‘हेच मला सागात करून द्या, 3 फूट लांब,’ असं म्हणून त्यानं भाच्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि विसार दिला. साग आलापल्लीकडचा, डेपोतून रीतसर पावती आणि वाहतूक परवान्यासह आणलेला. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी इकडचा साग गेला तेव्हापासून मामा प्रत्येक ओंडक्याला ‘अयोध्येवाला’ म्हणायचे.

भाच्यानं दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स छापून आणला. 6 फुटी! अंगणात पसरला तर कोंबड्या पळाल्या. मामा त्याच्याभोवती दोनदा फिरले, वाकले, पुन्हा उभे राहिले.

“याचा डोरा कोठं आहे गा?”

“हे काय मामाजी, इथं.”

“हे तं डांबर आहे. फोटो मोठा केला म्हून डोरा मोठा होते का?”

मामांचं चुकत नव्हतं. अस्वल म्हणजे काळ्यावर काळं. कॅमेरा आधीच त्याच्यापुढे हात टेकतो, त्यात फ्लेक्सची शाई सगळा काळोख एकजीव करून टाकते. शिवाय फ्लेक्स असतो रस्त्यापलीकडून वाचायचा. वाढई तो हातभर अंतरावरून वाचणार. आणि मुळात छापायला होतं काय? व्हॉट्सॲपनं फोटो दाबून साधारण 1600 ठिपके रुंद केलेला. अस्वल त्यातल्या निम्म्या जागेत, म्हणजे 800 ठिपक्यांत. ते 36 इंचांवर ताणलं तर इंचाला 22 ठिपके येतात. मासिकात फोटो छापताना इंचाला 300 मागतात.

भाचा हुशार होता, आणि त्याहून चांगली गोष्ट म्हणजे निमूट होता. त्यानं गिऱ्हाइकाला फोन करून मूळ फाईल मागितली, तीही फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. तसं पाठवलं की व्हॉट्सॲप दाबादाबी करत नाही. ती 6000 ठिपके रुंद निघाली. अस्वलीच्या वाट्याला 3000, इंचाला 83. मासिकाला न चालणारं, पण पटाशीला पुरेसं. मग तो फ्लेक्सवाल्याकडे गेलाच नाही. घरांचे नकाशे ज्या प्लॉटरवर काढतात, त्या दुकानात गेला. तिथल्या मुलीनं रंग काढून टाकले, काळोख उजळवला आणि 36 इंची रोलवर साध्या कागदाचा प्रिंट काढून दिला. अस्वल राखाडी झालं, पण अंगावरचे केस कुठून कुठं वळतात ते दिसायला लागलं. डोळ्यात चमकेचा एक ठिपका होता, तोही सापडला.

हा प्रिंट मामांनी भिंतीला टाचला आणि सबंध दुपार त्याच्याशी न बोलता काढली. आजवर त्यांनी केलेल्या अस्वलांना खांद्यावर वशिंड असायचं. हात बैलावर बसलेला. अस्वल करायला घेतलं तरी आतून बैल डोकवायचा. पायही चार खुंटांसारखे सरळ. प्रिंटमध्ये पाठ वेगळीच होती, आणि पुढच्या पायाची नखं बोटाएवढी लांब, बाहेर आलेली. मामा नखं करायचे ती मांजरीची. संध्याकाळी त्यांनी फळीवरचं जुनं विकाऊ अस्वल उतरवलं आणि चुलीपाशी नेऊन ठेवलं. मामी काही बोलल्या नाहीत. सरपण सरपण असतं.

कामाला वेग आला. दुसऱ्या प्रतीवरून पुठ्ठ्याचा फर्मा कापला, ओंडक्यावर ठेवून बाजूची आकृती उतरवली, वाकसानं जादा लाकूड उडवलं. फोटो लांबून, मोठ्या लेन्सनं काढलेला, त्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत माप चोख बसलं. जवळून मोबाइलनं काढला असता तर नाकच खरबुजाएवढं आलं असतं. पण लांबच्या लेन्सची खोड ही की ती जनावर चपटं करते. रुंदी किती, छाती किती भरलेली, पुढचे पंजे कसे पडलेले, यातलं काही प्रिंटमध्ये नव्हतं. त्याहून मोठा घोळ पिल्लांचा. पुढचं पिल्लू स्पष्ट होतं. त्याच्यामागं पाठीवर नुसता काळा गोळा.

भाचा म्हणाला, “डोकं आहे, मागं पाहत असेल.” मामा म्हणाले, “असन.” खात्री करायला भाच्यानं तेवढाच तुकडा 2 फुटी छापून आणला. त्यात राखाडी चौकोन होते. जितकं जवळ जावं तितके चौकोन. तरी दोघांनी त्यात कान शोधला, नाक शोधलं, आणि मामांनी पेन्सिलीनं लाकडावर एक तोंड आखलंसुद्धा.

मोहफुलाचे दिवस होते. पलीकडच्या गल्लीतल्या काकी पहाटे टोपली घेऊन रानात जायच्या. त्या दिवशी त्या फ्लेक्स मागायला आल्या. फुलं वाळवायला तो बरा पडला असता. फाटकातूनच त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि थबकल्या.

“माय वो! दोन लेकरं घेऊन आली.”

“दुसरं दिसते का तुमाले काकी?” भाच्यानं विचारलं.

“न दिसाले काय झालं? हे त्याचं ढुंगण. डोकं मायच्या केसात खुपसलं आहे. भेलं का असंच करते.” मग लाकडावरच्या पेन्सिलीकडे बघून म्हणाल्या, “तुमी तं त्याच्या ढुंगणाले तोंड काढून राह्यले.”

भाचा मागं सरकत फाटकाशी, काकींच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिथून गोळ्याचं खरंच ढुंगण झालं. कागदाला नाक लावून ते दोघं जे शोधत होते, ते वीस पावलांवर आपोआप जुळत होतं. पण केसात खुपसलेलं डोकं तिथूनही दिसत नव्हतं. ते काकींना ठाऊक होतं. मोहाखाली अस्वली समोर आल्यावर झाडाला पाठ लावून, श्वास धरून उभं राहिलेल्या बाईला ते ठाऊक असणारच.

मामांनी पटाशी खाली ठेवली. “बसा काकी. चालते कशी ते सांगा.”

काकी सांगायच्या भानगडीत पडल्या नाहीत. पदर खोचला आणि सत्तरीच्या वयात अंगणात चार पायांवर उतरल्या. पुढचे दोन्ही हात आत वळवून टाकत, अंग डोलवत चार पावलं गेल्या. मामा वाकून त्यांची मनगटं बघत होते. भाच्यानं मोबाइल काढला, तसा काकींनी दम भरला, “फोटो काढशीन तं मार खाशीन!”

मूर्ती पुरी झाली तेव्हा गिऱ्हाईक मोबाइलमधला फोटो शेजारी धरून बराच वेळ बघत बसलं. समोरून आत वळलेले पंजे, आणि आईच्या खांद्यामागं केसात रुतलेलं, एकच कान बाहेर असलेलं तोंड. “हे माझ्या फोटोत नाही,” ते म्हणालं.

“नाही,” मामा म्हणाले आणि भाच्याला बिल द्यायला सांगितलं.

बिलात साग होता, वाहतूक होती, प्लॉटरचा प्रिंट होता, मजुरी होती. शेवटच्या ओळीवर भाचा आदल्या रात्री अडला होता. काय म्हणून लिहायचं ते त्याला सुचेना. मामांनी सांगितलं तसंच लिहिलं होतं: पिल्लू नंबर दोन, 500 रुपये, काकींकडे पोहोचते करणे.

गिऱ्हाइकानं कपाळाला आठ्या घालून ती ओळ वाचली आणि काकींचं घर कुठलं म्हणून विचारलं.