स्वतःच्या मापाचें वाद्य

साधन मनुष्याच्या मापाचें असावें, कीं मनुष्यानें साधनाच्या मापाचें व्हावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. परंतु थोडा खोल विचार केल्यास तो नीतिशास्त्राचाही आहे, असें दिसून येईल. एखाद्या वस्तूविषयीं 'ही माझी' असें आपण म्हणतों, तेव्हां त्या एका शब्दांत किती निरनिराळे अर्थ सामावलेले असतात, याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. पैसे मोजून घेतली म्हणून माझी. वडिलांकडून आली म्हणून माझी. माझ्यासाठींच घडविली म्हणून माझी. आणि माझ्या श्रमांनीं मला वश झाली म्हणून माझी. हे चारही अर्थ एकमेकांपासून भिन्न आहेत, आणि त्यांचा घोटाळा झाल्यामुळें संसारांत पुष्कळ खर्च व पुष्कळ दुःख व्यर्थ होत असतें. या भेदाची छाननी करण्यासाठीं आम्ही एक परदेशचें उदाहरण घेणार आहों. तें उदाहरण अमेरिकेंतील जॅझ संगीताचें, व त्यांत ट्रंपेट वाजविणाऱ्या अशा कलावंताचें, कीं जो कुशल कारागिराकडून खास आपल्यापुरतें वाद्य घडवून घेतो. ट्रंपेट म्हटल्याबरोबर ज्या वाचकांना लग्नाच्या वरातींतील बँड आठवेल, त्यांनीं ती आठवण क्षणभर बाजूस ठेवावी, एवढीच विनंती.

प्रथम वाद्याचें स्वरूप पाहूं. ट्रंपेट म्हणजे सुमारें दीड मीटर लांबीची, वळणें देऊन आटोपशीर केलेली पितळी नळी. तिच्या एका टोकास ओठ टेकविण्याची लहानशी वाटी असते, तिला माउथपीस म्हणतात. दुसऱ्या टोकास फुललेला कर्णा, आणि मध्यें तीन कळा. कळ दाबली म्हणजे नळीला जास्तीचा तुकडा जोडला जातो व स्वर उतरतो. तीन कळांच्या निरनिराळ्या मेळांनीं नळीच्या सात लांब्या मिळतात. बाकीचें सारें काम ओठांचा ताण आणि श्वासाचा वेग यांनीं करावयाचें असतें. त्यांतही गणिताची एक अडचण आहे. एकएकटी कळ अचूक सुरांत बसविली, तर दोन किंवा तीन कळा एकदम दाबतांच नळी जरुरीपेक्षां किंचित् आंखूड पडते आणि स्वर चढा लागतो. तो सांवरण्यासाठीं वादकाला नळीचा एक सरकता भाग बोटानें पुढें ढकलावा लागतो. अर्थात् प्रत्येक ट्रंपेट ही एक तडजोड होय. सर्वथा निर्दोष असें ट्रंपेट कोणीही घडवूं शकत नाहीं. कोणता दोष कोठें राहूं द्यावयाचा, एवढेंच कारागिराच्या हातीं असतें. मापानें घडविलेल्या वाद्याचें मर्म येथेंच आहे. कारखान्यांतील वाद्य सर्वांना थोडेंथोडें सोसेल असे दोष पत्करतें. खास घडविलेलें वाद्य एकाच मनुष्याला सोसतील ते दोष पत्करतें. त्या मनुष्याचा श्वास, ओठ आणि कान ओळखून कारागीर नळीचा निमुळतेपणा, पत्र्याची जाडी, कर्ण्याचा फुलोरा व एकंदर वजन ठरवितो.

आतां ही उठाठेव जॅझ वाजविणाऱ्यालाच विशेषेंकरून कां करावीशी वाटावी? युरोपीय पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदांत चार ट्रंपेटवाले शेजारीं बसलेले असतात, आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून जावे, हाच त्यांचा धर्म असतो. जॅझमध्यें याच्या उलट आहे. येथें वादक आयत्या वेळीं स्वरविस्तार करतो, आणि त्याचा आवाज हीच त्याची सही असते. लुई आर्मस्ट्राँग, डिझी गिलेस्पी आणि माइल्स डेव्हिस या तिघांनीं एकच चीज वाजविली तरी जाणता श्रोता चार स्वरांत त्यांना ओळखील. आर्मस्ट्राँगचा आवाज भरदार व उजळ, गिलेस्पीचा चपळ व उंच चढणारा, तर डेव्हिसचा बहुधा कंपरहित आणि कर्ण्यांत बूच बसवून दबका केलेला. ज्या कलेंत आवाज हीच ओळख, त्या कलेंत वाद्य आपल्या आवाजाला साजेसें असावें ही इच्छा केवळ हौस म्हणून झिडकारतां येत नाहीं.

याहून एक गंभीर गोष्ट आहे. हें संगीत ज्या समाजांत जन्मास आलें, त्या समाजाचे पूर्वज स्वतःच दुसऱ्याच्या मालकीची वस्तु होते. अमेरिकेंतील गुलामगिरी कायद्यानें १८६५ सालीं संपली. आर्मस्ट्राँग १९०१ सालीं न्यू ऑर्लिन्स शहरांत जन्मला. या दोन सालांमधील अंतर एका मनुष्याच्या अर्ध्या आयुष्याएवढेंच. घरचें अत्यंत दारिद्र्य. ज्या ज्यू कुटुंबाकडे हा मुलगा काम करीत असे, त्यांनीं उसने दिलेल्या पैशांच्या आधारानें त्यानें गहाणवटीच्या दुकानांतून पांच डॉलरांचें एक जुनें कॉर्नेट घेतलें. पुढें १९१३ सालीं त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहांत झाली, व तेथें त्याला वादनाचें रीतसर शिक्षण मिळालें. अशा मुलानें त्या कॉर्नेटकडे पाहून 'हें माझें' म्हटलें, तर त्या उद्गारांत लोभ शोधणारा मनुष्य मोठा कठोर म्हणावा लागेल. ज्याच्या पणज्याला स्वतःच्या देहावरही 'माझा' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नव्हता, त्यानें पितळेच्या एका तुकड्यावर तो उच्चारणें, ही माणुसकीची पुनःस्थापना होय. अपरिग्रहाचा उपदेश आपणांस प्रिय आहे. परंतु ज्याला कधीं कांहीं बाळगूंच दिलें नाहीं, त्याला त्यागाचें महत्त्व सांगणें हा उपदेश नसून निष्ठुरपणा आहे, हें उपदेशकानें विसरतां कामा नये.

गिलेस्पीची कथा दुसऱ्या प्रकारें बोधप्रद आहे. १९५३ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें त्याच्या पत्नीच्या वाढदिवसाचा समारंभ चालू असतां, उभ्या ठेवलेल्या त्याच्या ट्रंपेटवर कोणीतरी पडलें, आणि कर्णा आकाशाकडे वांकला. त्यानें तें तसेंच तोंडाला लावून पाहिलें. सरळ कर्ण्यांतून निघणारा स्वर पुढें श्रोत्यांकडे धांवतो. वांकलेल्या कर्ण्यामुळें तो आपल्या स्वतःच्या कानांवर अधिक लवकर व स्पष्ट येतो, असें त्याला आढळलें. त्यानंतर त्यानें मुद्दाम त्याच आकाराचें वाद्य मार्टिन कंपनीकडून करवून घेतलें, आणि पुढें १९९३ मध्यें वारला तोंपर्यंत वर वळलेला कर्णा हीच त्याची खूण होऊन राहिली. लोक त्या चमत्कारिक आकाराला हंसले असतील; पण त्यामागील हेतु पाहिला पाहिजे. त्याला स्वतःचें वादन नीट ऐकूं यावयास हवें होतें. आपण दुसऱ्याला कसे ऐकूं जातों, याचीच चिंता बहुतेकांना असते. स्वतःला स्वतःचें ऐकूं यावें अशी तरतूद करणारे थोडे. आणि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, अपघात होण्यापूर्वीं जवळजवळ वीस वर्षें हा मनुष्य साध्या सरळ ट्रंपेटवर झटला होता. ती तपश्चर्या नसती, तर वांकलेलें वाद्य त्यानें दुसऱ्या दिवशीं लोहाराकडे टाकलें असतें व प्रकरण तेथेंच संपलें असतें.

साधन बदलल्यावांचून जी गोष्ट घडूंच शकत नाहीं, असेंही कधीं कधीं होतें. डॉन एलिस या अमेरिकन वादकाला पाश्चात्य बारा स्वरांच्या मधल्या जागा वाजवावयाच्या होत्या. त्यानें हरिहर राव यांच्यापाशीं भारतीय संगीताचा अभ्यास केला, आणि १९६५ च्या सुमारास होल्टन कंपनीकडून चौथी कळ असलेलें ट्रंपेट घडवून घेतलें. या कळेनें स्वर पाव अंतरानें उतरतो. आपल्या श्रुतिविचाराशीं परिचित असलेल्या वाचकांना यांत कौतुक वाटेल. अलीकडे ओरेगॉन राज्यांतील डेव्हिड मॉनेट हा कारागीर माउथपीस आणि नळी एकजीव असलेलें जड ट्रंपेट बनवितो. त्याच्या एका प्रकाराला त्यानें 'राजा' असें आपल्याकडचें नांव दिलें आहे, आणि विंटन मार्सालिससारख्या नामांकित वादकानें तीं वाद्यें जवळ केलीं आहेत. मिरजेच्या कारागिराकडे गवई स्वतः जाऊन आपल्या सुराचा तंबोरा निवडून घेतो, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं तंबोरा गवयाला साथ देतो, तर ट्रंपेट हा वादकाचा कंठच होय.

येथें कोणी प्रतिपक्षी उभा राहून म्हणेल: "हें सर्व श्रीमंतांचें तत्त्वज्ञान आहे. खरा कलावंत वाटेल त्या वाद्यांतून अमृत काढतो." आणि त्याच्या हातीं पुरावाही भक्कम आहे. १५ मे १९५३ रोजीं टोरोंटो येथील मॅसी हॉलमध्यें जो प्रसिद्ध जलसा झाला, त्यांत गिलेस्पीच्या शेजारीं उभा राहून चार्ली पार्कर यानें प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजविला. इंग्लंडांत बनलेलें, पितळी वाद्याहून पुष्कळ स्वस्त असें तें वाद्य. आणि तें वादन आजही जॅझच्या उत्तमोत्तम मुद्रणांत गणलें जातें. दुसरा पुरावा चेट बेकरचा. १९६६ सालीं मारहाणींत त्याच्या दांतांना इजा झाली व पुढें कृत्रिम दांत बसवावे लागले. ट्रंपेट होतें तसेंच होतें; पण ओठांना आधार देणारी कवळी बदलतांच त्याला सारी विद्या पुनः पहिल्यापासून शिकावी लागली. ज्याला आपण वाद्य म्हणतों त्याचा अर्धा भाग वादकाच्या शरीरांतच असतो, आणि तो कोणत्याही कारखान्यांतून मिळत नाहीं.

प्रतिपक्षाचें हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यावरून तो जें अनुमान काढतो तें मान्य नाहीं. प्लॅस्टिकच्या वाद्यावर पार्कर उत्कृष्ट वाजवूं शकला, यावरून इतकेंच ठरतें कीं चांगलें वाद्य ही कलेची अट नाहीं. तें निरर्थक आहे, असें त्यावरून ठरत नाहीं. सुग्रण मोडक्या चुलीवरही चांगला स्वयंपाक करते; म्हणून तिला जन्मभर मोडकीच चूल द्यावी, असें म्हणणारा पुरुष तिचा गौरव करीत नसतो. गरीब कलावंताच्या हालांना त्याच्या प्रतिभेचें कारण ठरवून आपली जबाबदारी झटकणें, ही सुखवस्तु समाजाची फार जुनी खोड आहे.

मग निर्णय कोठें करावयाचा? आमच्या मतें तो क्रमानें होतो. आधीं अभ्यास, अभ्यासांतून गरज, आणि गरजेंतून साधन, हा सरळ क्रम होय. साधारण वाद्यावर दहा-वीस वर्षें घासून ज्याला आपला दोष कोणता आणि वाद्याचा दोष कोणता हें वेगळें सांगतां येतें, त्यानेंच कारागिराच्या दारीं जावें. कारण काय मागावयाचें हें त्यालाच ठाऊक असतें. हा क्रम उलटा करणारा मनुष्य साधन विकत घेऊन गरज निर्माण करूं पाहतो, व गरजेवरून अभ्यास आपोआप होईल अशा भरंवशावर राहतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून हें दृश्य दुर्मिळ नाहीं. मुलाला चार सूर लागले न लागले तोंच महागडें वाद्य घरीं येतें, आणि वर्षभरांत तें कपाटावर चढतें. याच्या शेजारीं गोव्याची परंपरा ठेवून पाहावी. तेथील चर्चच्या शाळांतून मुलें स्वरलेखन व वादन शिकलीं, आणि त्यांतील कित्येकजण पुढें मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांत जॅझ घेऊन आले. हळदोण्याचा आंतोनिओ झेव्हियर वाझ, ज्याला लोक चिक चॉकलेट म्हणत, तो त्यांतलाच. 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' हें बिरुद त्याला मिळालें, आणि सी. रामचंद्रांच्या संगीतांत त्याच्या साहाय्याचा मोठा वांटा होता. त्या मुलांना आधीं विद्या मिळाली. वाद्यें मागाहून, ऐपतीप्रमाणें, मिळत गेलीं.

क्रम पाळून जो मनुष्य आपल्या मापाचें वाद्य मिळवितो, त्याच्यावर मात्र एक नवें ओझें येऊन पडतें, आणि आमच्या दृष्टीनें या विषयांतील नीतीचा खरा गाभा तोच आहे. उसन्या किंवा सामान्य वाद्यावर वाजविणाऱ्याला एक सबब कायमची उपलब्ध असते: स्वर चुकला तर कळ अडली, नळी खोटी, वाद्य जुनें. स्वतःच्या श्वासाचें माप देऊन घडविलेलें ट्रंपेट ती सबब हिरावून घेतें. त्यांतून निघालेला बेसूर कोणाचा, याविषयीं शंका उरत नाहीं. सबबींवांचून जगण्याची तयारी असेल त्यानेंच असली वस्तु बाळगावी. इतरांना सामान्य वाद्यच अधिक सुखाचें होय. आणि त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

शेवटीं मालकीच्या मुदतीविषयीं दोन शब्द. गिलेस्पीचें वर वळलेलें एक ट्रंपेट वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेंत आहे. पार्करचा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन १९९४ सालीं लंडनमध्यें लिलावांत ९३,५०० पौंडांना विकला गेला, आणि तो ज्या कॅन्सस सिटींत वाढला तेथील संग्रहालयांत गेला. स्वस्त वाद्य वादकाच्या स्पर्शानें अमूल्य ठरलें, आणि मापाचें वाद्य मापाचा मनुष्य गेल्यावर मुकें झालें. दोन्ही आज कांचेआड समोरासमोर ठेवलीं तर त्यांच्यांत फारसा भेद दिसणार नाहीं. पैशानें आलेली मालकी लिलावांत बदलली, वारशानें आलेली संस्थेकडे गेली. श्रमानें आलेली मालकी मात्र कोणाला देतांही आली नाहीं आणि घेतांही आली नाहीं. ती त्या दोघांबरोबर संपली. पहिल्या तीन अर्थांनीं मनुष्य वस्तूचा स्वामी होतो. चौथ्या अर्थानें तो तिचा रोजचा ऋणी असतो, आणि तें ऋण दररोज सकाळीं वाद्य हातांत घेऊन, श्वास भरून, थोडेंथोडें फेडावें लागतें. मुलासाठीं वाद्य घेणाऱ्या पालकांनीं किंमत विचारण्यापूर्वीं या ऋणाची चौकशी करावी, असें आम्हांस वाटतें.