पहारेकरी कीं सुहृद?

दोन डगरींवर पाय ठेवणारा मनुष्य अखेर पाण्यांत पडतो, हें आपल्याकडील जुनें शहाणपण आहे. सावकाराशीं आणि ऋणकोशीं मी सारखाच एकनिष्ठ राहीन, असें म्हणणाऱ्यावर दोघांपैकीं कोणीच विश्वास टाकणार नाहीं. तथापि एक अधिकारपद असें आहे कीं, त्यावरील मनुष्यास ही दुहेरी निष्ठा कायद्यानेंच नेमून दिली आहे. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या संघीय न्यायालयांकडे नेमलेला प्रोबेशन अधिकारी हा तो होय. त्याच्यापुढील नैतिक पेंच केवळ कायदेपंडितांचा नाहीं. दुसऱ्याच्या सुधारणेची जबाबदारी आणि त्याच्यावरील सत्ता हीं दोन्ही ज्याच्या हातीं एकदम येतात, त्या प्रत्येकाचा तो पेंच आहे.

प्रथम त्याचें काम पाहूं. गुन्हा शाबीत झाल्यावर, शिक्षा ठरविण्यापूर्वीं, न्यायाधीश या अधिकाऱ्याकडून एक वृत्तान्त मागवितो. त्यासाठीं तो आरोपीशीं व त्याच्या घरच्या माणसांशीं बोलून त्याचें बालपण, शिक्षण, व्यसनें, कर्ज, आजार, पूर्वीचे गुन्हे या सर्वांचा शोध घेतो. पुढें त्या मनुष्यास तुरुंगाऐवजीं देखरेखीखालीं मोकळें ठेवण्यांत आलें, किंवा तुरुंगवासानंतर कांहीं वर्षें देखरेख नेमून दिली, म्हणजे याच खात्याशीं त्याची पुन्हां गांठ पडते. १९८४ च्या कायद्यानें, १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या संघीय गुन्ह्यांपुरती, पॅरोलची पद्धत बंद झाली; तेव्हांपासून तुरुंगांतून सुटून आलेल्यांची संख्या वाढत जाऊन आज देखरेखीखालील बहुसंख्य माणसें तींच असतात. अधिकारी त्यांना काम मिळवून देण्यास झटतो, व्यसनमुक्तीच्या उपचारांस पाठवितो. आणि तोच त्यांच्या घरीं न कळवितां जातो, अंमली पदार्थांसाठीं त्यांच्या लघवीची तपासणी करवितो, अट मोडल्यास न्यायालयास कळवितो. त्या कळविण्याचा शेवट पुष्कळदां तुरुंगांत होतो. माणसाच्या वर्तनाची माहिती ठेवावी आणि त्याला साह्यही करावें, या दोन्ही आज्ञा कायद्याच्या एकाच कलमांत शेजारीं शेजारीं बसल्या आहेत.

या पद्धतीचा उगम मात्र कोणत्याही कलमांत नाहीं. १८४१ सालीं बोस्टन शहरांतील जॉन ऑगस्टस नांवाच्या जोडे तयार करणाऱ्या कारागिरानें न्यायालयांत उभ्या असलेल्या एका दारुड्यास स्वतः जामीन राहून सोडविलें. तीन आठवड्यांनीं तो मनुष्य शुद्धीवर आलेला पाहून न्यायाधीशानें त्यास नाममात्र दंड केला. १८५९ मध्यें मरण येईपर्यंत ऑगस्टस सुमारें १,९०० माणसांस असा जामीन राहिला. पगारी अधिकारी नेमण्याचा कायदा मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १८७८ मध्यें केला. संघीय न्यायालयांची वाट अधिक बिकट होती. बँकेंतील अफरातफरीबद्दल दिलेली पांच वर्षांची शिक्षा ओहायोंतील एका न्यायाधीशानें चांगल्या वर्तनाच्या अटीवर स्थगित केली, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें १९१६ मध्यें निर्णय दिला कीं, शिक्षा अशी बेमुदत स्थगित करण्याचा अधिकार संघीय न्यायाधीशांस नाहीं. तो अधिकार १९२५ च्या कायद्यानें मिळाला.

ऑगस्टसच्या उदाहरणांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तोही पहारेकरी होताच. न्यायालयानें विचारल्यास खरी माहिती देण्याचें तो कबूल करीत असे. परंतु तें कबूल करणें भर न्यायालयांत घडे. शिवाय मनुष्य बिघडला तर ऑगस्टसचे स्वतःचे पैसे बुडणार होते. सरकारी अधिकाऱ्याचे पैसे बुडत नाहींत. चूक झाली तर तुरुंगांत जातो तो दुसराच. म्हणूनच उघडपणाचें बंधन त्याच्यावर अधिक असलें पाहिजे.

हें बंधन सुटलें म्हणजे काय होतें, तें मिनेसोटा संस्थानांतील एका खटल्यावरून दिसतें. खटला संस्थानाच्या न्यायालयांतील खरा; पण त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा निर्णय सर्व देशास लागू आहे. देखरेखीखालील एका मनुष्यानें, १९७४ मध्यें आपण अत्याचार व खून केल्याचें, उपचारकेंद्रांतील समुपदेशकाजवळ बोलून दाखविलें. ही गोष्ट प्रोबेशन अधिकारी बाईंच्या कानीं आली. ती पोलिसांस कळविलीच पाहिजे असें मनाशीं ठरवून त्यांनीं त्यास पत्र पाठविलें; पत्रांत विषय होता पुढील उपचारांचा. भेटींत त्यास वकिलाची आठवण झाली, तेव्हां तें बाहेर पाहून घे, असें उत्तर मिळालें. अखेर त्यानें सर्व कबूल केलें, आणि मग त्यास सांगण्यांत आलें कीं, हें आम्हांस वर कळवावें लागेल. सर्वोच्च न्यायालयानें ६ विरुद्ध ३ मतांनीं ती कबुली पुराव्यांत ग्राह्य धरली.

कायद्याचा प्रश्न येथें संपला. नीतीचा संपत नाहीं. खुनाची बातमी कळविली हा विश्वासघात होय, असें आम्हांस वाटत नाहीं. जिचा बळी गेला तिच्या आप्तांचेंही न्यायावर ऋण आहे, आणि मैत्रीच्या नांवाखालीं तें बुडवितां येत नाहीं. दोष कळविण्यांत नव्हता; कळविणार आहों हें झांकून ठेवण्यांत होता. सुहृदाचा वेष घालून पहारेकरी आंत शिरला, हें खुपतें.

यावर आक्षेप येईल कीं, आधींच बजावलें तर बोलेल कोण? कदाचित् तो मनुष्य गप्प बसता, आणि एक खून कायमचा पडद्याआड राहता. ही किंमत लहान नाहीं. परंतु गुन्हा शोधून काढण्यास राज्याजवळ पोलिसांसारखे दुसरे हात आहेत. सुटलेल्या माणसास उभें करण्यास त्या राज्याजवळ हाच एक हात आहे. हा हात म्हणजे सांपळा आहे अशी वदंता पसरली, तर पाय घसरतांच येऊन सांगणारे लोक येणें बंद करतील, आणि जें संकट एका भेटीनें टळलें असतें तें नव्या गुन्ह्यापर्यंत जाईल. शिवाय केवळ अज्ञानामुळें तोंड उघडतें त्यास विश्वास म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे.

उघडपणानें काम अडत नाहीं, याचा दाखला त्याच न्यायालयांत आहे. शिक्षेपूर्वींचा वृत्तान्त एके काळीं आरोपीच्या नजरेआड ठेवीत. आज तो शिक्षा सुनावण्यापूर्वीं निदान ३५ दिवस आरोपीस व त्याच्या वकिलास द्यावा लागतो, आणि त्यांतील मजकुरावर हरकत घेतां येते. त्यामुळें वृत्तान्त लिहिणें बंद पडलें नाहीं. आपलें लेखन ज्याच्याविषयीं आहे तोही वाचणार, ही जाणीव लेखकास लाभली.

मुंबई प्रांतानें १९३८ मध्यें आणि हिंदुस्थानच्या संसदेनें १९५८ मध्यें प्रोबेशनचा कायदा केल्यामुळें हें पद आपल्याकडेही आलेलें आहे. त्याच्या उमेदवारास पहिला धडा कोणता द्यावा? “तुम्ही जें सांगाल त्यांतील अमुक गोष्टी मला वर कळवाव्याच लागतील, उरलेल्या सर्व गोष्टींत मी तुमच्या बाजूनें झटेन,” हें वाक्य पहिल्याच भेटींत, डोळ्याला डोळा देऊन बोलण्याचा. दोन डगरींवर पाय ठेवणें ज्याच्या नशिबीं आलें आहे, त्यानें निदान आपले दोन्ही पाय समोरच्यास दिसूं द्यावे.