जिना न चढणाऱ्यांची मोजणी

शारीरिक हालचाल मोजण्याचं शास्त्र जिन्यावर उभं राहिलं. १९५३ साली जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिन्यावर चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पुढे राल्फ पॅफनबार्गर यांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांना टपालानं विचारलं, रोज किती जिने चढता, किती चालता? त्या लोकांसाठी प्रश्न रास्तच होते. पण दंड भरून येईपर्यंत चाकं ढकलणाऱ्या माणसाला तेच प्रश्न विचारले, तर दोन्हींपुढे शून्य पडणार.

हे ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. २००२ मध्ये रिचर्ड वॉशबर्न आणि सहकाऱ्यांनी शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठी १३ प्रश्नांची प्रश्नावली काढली. गेल्या ७ दिवसांत घराबाहेर चाललात किंवा व्हीलचेअर ढकललीत का, घरकाम, बागकाम, खेळ, नोकरी यांत किती दिवस, किती तास गेले, असं ती विचारते. मग तासांना 'मेट' या मापानं गुणायचं.

मेख इथेच आहे. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, हा एक मेट. मज्जारज्जूला इजा झालेल्यांचे स्नायू झिजतात. २०१०च्या एका अभ्यासात त्यांचा आकडा २.७ भरला. बरं, छाती धडधडली का, घाम आला का, एवढंच विचारूनही भागत नाही. इजा मानेत असेल तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसांवरचा मेंदूचा ताबा सुटतो. कितीही जोर लावा, ठोके सहसा १३०च्या पुढे जात नाहीत आणि इजेखालच्या भागाला घामही धड येत नाही.

मला स्वतःला आणखी एक गोष्ट खटकते. उखडलेल्या रस्त्यावर खुर्ची ढकलायला वेळ जास्त लागतो. वेळ जास्त, म्हणून गुणही जास्त. नगरपालिकेचा हलगर्जीपणा त्या माणसाच्या खात्यावर व्यायाम म्हणून जमा!

कॅनडात कॅथलीन मार्टिन गिनिस यांच्या गटानं २००५ मध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी वेगळी वाट धरली. फोनवर मागच्या ३ दिवसांची उजळणी करायची, अगदी सकाळी उठल्यापासून. अंथरुणातून खुर्चीत सरकलात, कपडे चढवलेत, अंघोळ केलीत, त्यात जोर किती लागला? श्वास, स्नायू आणि लक्ष यांच्या खुणांवरून सांगणाऱ्यानंच ते ठरवायचं. जोर लावताना दुसरं काही सुचेनासं झालं, तर काम भारी. ठोके साथ देत नसले तरी एवढं कुणालाही सांगता येतं.

अर्थात ही मुलाखत वेळखाऊ. म्हणून याच गटानं पुढे फक्त फुरसतीतल्या व्यायामापुरती, ५ मिनिटांत उरकणारी प्रश्नावली आणली. दवाखान्यातल्या गर्दीत ती सोयीचीच. रस्त्यावरची ओढाताणही तिच्यात व्यायाम म्हणून शिरत नाही. मात्र सकाळी खुर्चीत सरकण्याची कसरतही तिच्यातून गळते. लांबलचक मुलाखतीत व्यायाम आणि रोजची कामं दोन्ही येतात आणि त्यांचे हिशेबही वेगळे राहतात. वेळ गेला तरी मी तिच्याच बाजूचा.